चौकोन लहानमोठे का येतात
क्रोशाच्या एका कार्यशाळेत सगळ्यांना एकच लोकर आणि ४ मिमीची आकड्याची सुई दिली, तरी मधून बाहेर फेऱ्यांनी विणलेले चौकोन लहानमोठे आले. येणारच हो, प्रत्येकाचा हात वेगळा! आधी सगळ्यांकडून ३ फेऱ्या विणून घ्या आणि पट्टीने मोजा. मग घट्ट हाताला ४.५ मिमीची सुई द्या, सैल हाताला ३.५ची. चौकोन वाटीसारखा वळत असेल तर कोपरा बघा: तिथे एकाच घरात, म्हणजे खालच्या फेरीच्या एकाच फटीत, ३ खांब (उंच टाके), २ साखळ्या (साखळीचे सुटे टाके), ३ खांब हवेत. नवशिके नेमक्या त्या साखळ्याच गाळतात. काळी लोकर तर त्यांना देऊच नका, टाके दिसत नाहीत. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवली की वीण कायमची लुळी पडते. त्यापेक्षा चौकोन ओले करून, टाचण्यांनी मापात ताणून वाळवा, मगच जोडायला घ्या.