नर्सिंग होमच्या नोंदणीचं नूतनीकरण: फाईलसाठी ८०,००० द्यावेत का?

पुतण्या_१२खाटा

नमस्कार मंडळी. काका-काकूंचं १२ खाटांचं हॉस्पिटल आहे, लातूरहून तासाभरावर, तालुक्याच्या गावी. काका सर्जन, काकू स्त्रीरोगतज्ज्ञ. मी बी.कॉम. बिलिंग, औषधांची ऑर्डर, जनरेटरचं डिझेल हे सगळं गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे आलंय. नोंदणी ३१ मार्चला संपतेय. मागच्या खेपेला सगळं करणारे आमचे कंपाउंडर मामा वारले आणि कुठला कागद कुठं ते त्यांच्याबरोबरच गेलं. आता जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयातून तपासणीला येतील. एक कन्सल्टंट ८०,००० मागतोय. "फाईल मी देतो, डॉक्टरांनी फक्त सह्या करायच्या." काका म्हणतात, देऊन टाक, डोक्याला ताप नको. मला पटत नाहीये. कुणी स्वतः केलंय का?

घासाघीस_करा

४०,००० मध्ये करून देतात, बोलून बघा. आणि साहेब येतील त्या दिवशी जेवणाचं नीट बघा. बाकी कोण काय बघतंय.

निवृत्त_सिस्टर

जेवणवाले भाऊ, बघतात. आणि नाही बघितलं तरी ज्या दिवशी पेशंट दगावतो त्या दिवशी पोलीस तीच फाईल उघडतात.

पुतण्या, वय विचारत नाही, तू म्हणते. मी २६ वर्षं लेबर रूम आणि ऑपरेशन थिएटर केलं. आता आमच्या भागातल्या छोट्या हॉस्पिटलांची रजिस्टरं लावून देते. अशी विकत घेतलेली एक फाईल पाहिलीय. दोनशे पानं, स्पायरल बाइंडिंग, झकास. आत लिहिलं होतं, "लिफ्ट बंद पडल्यास रुग्णास कसे हलवावे." हॉस्पिटल एकमजली, पत्र्याची पडवी! तपासणीचे साहेब शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, लिफ्ट दाखवा." पुढच्या पानावर तर दुसऱ्याच गावच्या हॉस्पिटलचं नाव तसंच राहिलेलं. त्यानंतर साहेबांनी एकही कागद खरा धरला नाही, जे खरे होते तेसुद्धा.

तेव्हा फाईल बाजूला ठेव. उद्या सकाळी पेशंटसारखा गेटातून आत ये आणि मागच्या दारापर्यंत चालत जा. दारातच नोंदणी प्रमाणपत्र, दरपत्रक, रुग्ण हक्कांची सनद आणि तक्रारीचा टोल फ्री नंबर दिसला पाहिजे. २०२१ च्या सुधारित नियमांत हे आलंय. औषध कंपनीचं कॅलेंडर त्याच्यावर लटकवू नका, हे मी तीन ठिकाणी काढलंय.

मग कचरा. इथं बहुतेक जण अडकतात, कारण डॉक्टरला वाटतं हे मावशीचं काम. पिवळ्या पिशवीत बाळंतपणातली वार, रक्ताचा कापूस. लाल पिशवीत सलाईनच्या नळ्या, हातमोजे. सुया आणि ब्लेड पांढऱ्या न भोकसणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या-अँप्युल निळ्यात. हे मावशीला डॉक्टरपेक्षा चांगलं पाठ असतं. पण एका ठिकाणी तपासणीच्या बाईंनी मावशीला सगळं विचारलं, तिनं पटापट सांगितलं, आणि शेवटी विचारलं, "सुई टोचली तर?" मावशी आधी गप्प. मग म्हणाली, "सांगत न्हाई. रागावत्यात." कपाटात सुई टोचल्याच्या नोंदीचं रजिस्टर होतं, तीन वर्षं कोरं. आम्हाला ते कोरं असल्याचा अभिमान होता, बघ. मावशीला हिपॅटायटिस बी ची लस दिलीय का, कार्डावर तारीख आहे का, तेही बघ. नसेल तर या आठवड्यात सुरू कर, तपासणी असो नसो.

कचरा न्यायला येणाऱ्या गाडीचं आणखी एक. ४८ तासांच्या वर हा कचरा साठवता येत नाही. पावसाळ्यात गाडी चुकते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण चुकली तर कारण लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं असतं, आणि ते पत्रच कुणी काढत नाही. मंडळाला द्यायचा कचऱ्याचा वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत. मामांनी गेल्या वर्षीचा भरला होता का, ते आधी शोध.

मागच्या तारखा टाकून रजिस्टर भरू नकोस. एका हॉस्पिटलात लसीच्या फ्रीजच्या तापमानाचा तक्ता बघितला, रोज सकाळ-संध्याकाळ ४ अंश. तपासणी १९ तारखेला होती आणि तक्ता ३० तारखेपर्यंत भरलेला! तक्ता भरणाऱ्या पोरीला रागवायला लागले तर ती म्हणाली, मॅडमच म्हणाल्या तक्ता रिकामा दिसू नये. राहिलं असेल तिथं आजची तारीख टाकून "मागील नोंद उपलब्ध नाही" असं लिही. बोलणी खाशील, पण खोटं लिहिल्याचं येणार नाही.

इमर्जन्सी ट्रे स्वतः उघड. लॅरिंगोस्कोपचा (श्वासाची नळी घालताना घसा बघायचं साधन) दिवा लागतो का, ॲड्रेनॅलिनची मुदत, ऑक्सिजन सिलिंडरची चावी सिलिंडरलाच बांधलेली आहे का. आमच्याकडे ती एकदा वॉचमनच्या खिशात होती आणि वॉचमन चहाला.

पैसे खर्च करायचेच तर वायरिंगवर कर. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत १० बाळं गेली. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं नमुना 'ब' प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा लागतं, जानेवारी आणि जुलै.

सोनोग्राफी_वाली

सिस्टरांनी बाकी सगळं सांगितलंय. काकूंकडे सोनोग्राफी असेल तर माझी भर. एफ फॉर्म (गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीचा भरायचा फॉर्म), रजिस्टर आणि रेफर चिठ्ठी तिन्ही समोर ठेवून ताडून बघा. नाव एकीकडे सासरचं, दुसरीकडे माहेरचं, सही राहिलेली, असं हटकून सापडतं. "कारकुनी चूक आहे हो" हे चालत नाही, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तसा निकाल दिलाय. महिन्याचा अहवाल पुढच्या ५ तारखेच्या आत, कागद किमान दोन वर्षं जपायचे. गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही हा फलक मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, आणि गर्भलिंग निदान बंदीच्या कायद्याची प्रत खोलीत. आमची प्रत एकदा झुरळांनी खाल्लेली निघाली. हसू नका, शेरा बसला.

पुतण्या_१२खाटा

सिस्टर, आज सकाळी चाललो गेटापासून. दरपत्रक २०१९ चं. ऑक्सिजनची चावी सापडली, पण दुसऱ्याच सिलिंडरची. मावशींना सुईचं विचारलं तर त्या काकूंकडे बघायला लागल्या. काकूंनीच मग खुर्ची दिली आणि बसवून विचारलं. दोनदा टोचलीय म्हणे, एकदा गेल्या पोळ्याला. उद्या रक्त तपासतोय. कन्सल्टंटला नाही कळवलं. एक अडचण, जनरेटरच्या मागं तीन पिवळ्या पिशव्या आहेत, गुरुवारपासून. आज रविवार.

निवृत्त_सिस्टर

लपवू नकोस, हलवूही नकोस. आधी मंडळाला ईमेल, मग गाडीवाल्याला फोन. आणि पिशव्यांवर बारकोड आहे का ते बघून सांग.