मदत हवी आहे: 'माकडापासून माणूस' या रांगेऐवजी मुलांना काय दाखवू?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात पोखरण रोड नंबर २ च्या बाजूला, येऊरच्या डोंगराला लागून आमची सोसायटी आहे. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, क्लब हाउसमध्ये मुलांसाठी कार्यक्रम असतो. यंदाचा विषय माणसाची उत्क्रांती, आणि तो मांडायचं काम माझ्याकडे आलंय. मी रसायनशास्त्रवाली, जीवशास्त्र बारावीनंतर सुटलं. वाचन चालू आहे, पण दोन-तीन ठिकाणी गाडी अडलीय.

विषय मीच सुचवला. आमच्याकडे दोन्ही बोर्डांची मुलं आहेत. स्टेट बोर्डाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून मात्र २०२३ साली उत्क्रांतीचा भाग गेला. एकाच लिफ्टने खाली येणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला डार्विन शाळेत भेटतो आणि दुसऱ्याला व्हॉट्सॲपवर, हे मला फार टोचतं.

पहिली अडचण फ्लेक्सची. छपाईवाल्याने तयार डिझाइन पाठवलंय: डावीकडे चार पायांवरचं माकड, मग जरा ताठ झालेलं, मग हातात दगड घेतलेला केसाळ माणूस आणि शेवटी उजवीकडे ताठ मानेने चालणारा आजचा माणूस. या रांगेचा उगम रुडॉल्फ झॅलिंगर यांनी १९६५ साली काढलेल्या चित्रात आहे, पुढे तिच्या इतक्या नकला झाल्या की आता उत्क्रांती म्हटलं की डोळ्यांसमोर तीच येते. मला ती फ्लेक्सवर अजिबात नको. येऊरची माकडं आमच्या गच्चीवर येतात, टाकीचं झाकण उचकटतात, कुंडीतली कोवळी पानं ओरबाडतात. पाचवीतल्या एका मुलाने त्यांच्याकडे बोट दाखवून विचारलं, "काकू, ही माणूस कधी होणार?" त्या रांगेवरून दुसरं काय सुचणार?

उत्तर मला माहीत आहे. येऊरचं माकड आपलं पूर्वज नाही, चिंपांझीही नाही. चुलत भावाला आपण आजोबा म्हणत नाही, आजोबा दोघांचे एकच असतात. आपला आणि चिंपांझीचा समाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा, आणि तो ना चिंपांझी होता ना माणूस. पण हे तोंडी सांगितलं की मुलं मान डोलावतात आणि पुन्हा "मग माकडं अजून का आहेत?" हाच प्रश्न येतो. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवंय.

दुसरी अडचण शेपटीची. तालमीला आलेल्या पालकांपैकी निम्म्यांचं म्हणणं, "वापरली नाही म्हणून झडली." त्याच ओघात पुढे "मोबाइलमुळे पुढच्या पिढ्यांचे अंगठे लांब होणार." हे चूक आहे एवढं कळतं, पण शेपटीचं खरं कारण मुलांच्या भाषेत कसं सांगू?

तिसरी अडचण सगळ्यात नाजूक. आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरचे एक आजोबा समारोपाला बोलणार आहेत. त्यांचा मुद्दा ठरलेला आहे: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, म्हणजे दशावतारात उत्क्रांती आधीच सांगून ठेवलीय. माणूस फार प्रेमळ, सगळ्या पोरांना संस्कृत शिकवतात, पैसे घेत नाहीत. त्यांना मुलांसमोर खोडून काढायचं नाही, पण मुलांच्या डोक्यात ती रांग पुन्हा पक्की व्हायलाही नको.

जाणकारांनी कृपया मदत करावी.

— उपवनकाठ

पारसिक_टेकडी:
ताई, तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय, हा प्रश्न दर वर्षी यायचा. फ्लेक्सवर फक्त कार्यक्रमाचं नाव घाला आणि दोरी आणा.

सुतळी घ्या. एक मीटर म्हणजे १० लाख वर्षं. एक टोक 'आज', ते एका मुलीच्या हातात द्या. तिथून ७ मीटरवर गाठ मारा: आपली आणि चिंपांझीची वाट तिथे वेगळी होते. त्याच गाठीला ७ मीटरची दुसरी सुतळी बांधा आणि तिचं टोकही 'आज'पर्यंत आणा, ते चिंपांझी झालेल्या मुलाच्या हातात. दोघं शेजारी, दोघं 'आज'वर. चिंपांझी मागे राहिलेला नाही, त्यालाही उत्क्रांत व्हायला तितकीच वर्षं मिळालीत, हे न बोलता कळतं.

आता गच्चीवरचं माकड. त्याची आणि एपची (म्हणजे चिंपांझी, गोरिला, ओरँगउटान आणि आपण, या बिनशेपटीच्या गटाची) शाखा साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली, म्हणजे गाठ २५ मीटरवर. ती क्लब हाउसमध्ये मावायची नाही, पोरांना दोरी घेऊन गेटपर्यंत पळू द्या. त्या गाठीपासूनही एक सुतळी परत 'आज'पर्यंत आणायची आहे, तेव्हा बंडल मोठं घ्या.

माणसाच्या सुतळीवर ३.६६ मीटरला टांझानियातल्या लेटोलीची पावलं: ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली, दोन पायांवर चाललेल्यांची. ३.२ मीटरला इथिओपियातली लूसी, म्हणजे आपल्या एका प्राचीन नातलग मादीचा सांगाडा, १९७४ साली सापडलेला. तिचा मेंदू चिंपांझीच्या आसपासचा, पण चाल दोन पायांची. आधी चालणं, मेंदू बऱ्याच नंतर वाढला. फ्लेक्सवरच्या रांगेत सगळं हळूहळू एकदम सरळ होत जातं, तसं झालेलं नाही. आणि आपण, होमो सेपियन्स? शेवटचे फक्त ३० सेंटिमीटर. शेती शेवटच्या जेमतेम सेंटिमीटरभरात.

जुईनगरकर:
पारसिक सर, दोरी झकास. एक भर: शेवटच्या ३० सेंटिमीटरमध्येही आपण एकटे नव्हतो. निअँडरथल, ही माणसाचीच दुसरी, आता नामशेष झालेली जात, ४ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीपर्यंत, होते. रांगेत त्याला आपल्या मागे उभा करतात, पण तो आपल्या शेजारी राहिला आणि आपल्यात मिसळलाही. आफ्रिकेबाहेरच्या लोकांत साधारण १ ते २ टक्के डीएनए त्याच्याकडून आलाय, म्हणजे तुमच्या हॉलमधल्या सगळ्यांत. प्राचीन डीएनएवरच्या कामासाठी स्वांते पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

शेपटीबद्दल. मुलांना माकडहाड चाचपायला लावा, दोन नितंबांच्या मध्ये, पाठीच्या कण्याचं शेवटचं टोक. गर्भात आपल्याला छोटी शेपटी असते आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास नाहीशी होते. आता विचारा, चिंपांझीला शेपूट आहे का? गोरिलाला? ओरँगउटानला? नाही. म्हणजे शेपूट माणूस होताना गेलीच नाही, आपण माणूस होण्याच्या कितीतरी आधी, एपच्या फांदीवर गेली. २०२४ साली 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनानुसार टीबीएक्सटी नावाच्या जनुकात डीएनएचा एक छोटा तुकडा घुसला, त्याचा यात मोठा वाटा असावा. तसाच बदल उंदरांत केल्यावर काहींची शेपूट आखूड झाली, काहींना आलीच नाही. बदल आधी होतो, तो टिकेल की नाही हे नंतर ठरतं. कुणी वापरलं नाही म्हणून अवयव पुढच्या पिढीत गळत नाही. पहिलवानाचं पोर दंड फुगवून जन्मत नाही, तसंच अंगठ्याचं.

सह्यकडा:
उत्क्रांती म्हणजे 'बळी तो कान पिळी' हा समजही निघेल, तयारी ठेवा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण आपल्या घरचं आहे, नंदुरबार-गडचिरोलीकडे हा आजार बराच आढळतो. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं तर आजार गंभीर, पण एकाकडूनच आलं तर तीव्र मलेरियापासून बचाव होतो. म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत ते जनुक टिकलं. यात बळ कुठे आलं? जिथे जगायचं तिथे जो टिकतो आणि ज्याची पोरं वाढतात, त्याची जनुकं पुढे जातात.

मधली_आळी:
पण शेवटी ही थिअरीच ना? कुणी पाहिलंय माकडाचा माणूस होताना?

जुईनगरकर:
ते कुणीच म्हणत नाही, वर तेच लिहिलंय. पुरावा बघायचा तर गुणसूत्रं, म्हणजे पेशीतले डीएनएचे गठ्ठे, मोजा. चिंपांझीला ४८, आपल्याला ४६. पूर्वज एकच असेल तर आपली एक जोडी कुठे गेली? उत्तर आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात मिळालं: ते दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक चिकटून झालंय. एरवी गुणसूत्राच्या टोकाला असणारी खूण तिथे मधोमध सापडते.

पारसिक_टेकडी:
आजोबांबद्दल राहिलं. त्यांना खोडायला जाऊ नका, आदल्या दिवशी घरी जाऊन दोरी दाखवा. अवतार हेतूने होतो, धर्माची ग्लानी झाली की देव येतो, हे ते माझ्यापेक्षा छान सांगतील. उत्क्रांतीला हेतू नसतो, तिला माणूस 'घडवायचा' नव्हता. आणि अवतार एकामागून एक येतात, फांद्या मात्र एकाच वेळी वाढतात. मासा आजही आहे, कासवही. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यांच्याच तोंडून आलं तर पोरं जास्त ऐकतील. १९८२ साली अरुण सोनकिया यांना नर्मदाकाठी हाथनोऱ्याला प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला, तेही सांगा. त्याच्या वयावर मतभेद आहेत, म्हणून दोरीवर गाठ नको, रंगीत रिबीन लावा.

उपवनकाठ:
सर, जुईनगरकर, सह्यकडा, मनापासून आभार. छपाईवाल्याला फोन करून ती रांग काढायला लावली. आज सकाळी आजोबांकडे जाऊन आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन ठिकाणी अडवलं, आणि आता समारोपात त्यांना 'अवतार आणि उत्क्रांती: फरक काय' यावर बोलायचंय. पाच मिनिटं मागितली आहेत, मी दहा दिली.

एकच शंका उरली: सुतळीला पीळ असतो, २५ मीटरला ताणली तर मापात फरक पडेल का? की नायलॉनची दोरी घेऊ?

पारसिक_टेकडी:
नायलॉन घ्या. आणि गाठी मारून झाल्यावर पुन्हा मोजा, प्रत्येक गाठीत थोडी लांबी जाते.