'प्रौढ मताधिकार' मधला प्रौढ नेमका किती वर्षांचा?

खानापूरकर : मुलगी दहावीला आहे, मराठी माध्यमात. नागरिकशास्त्र वाचता वाचता तिनं विचारलं, "बाबा, प्रौढ म्हणजे मामांच्या वयाचे ना? मग अठराव्या वर्षी मत कसं?" आमच्या गल्लीच्या तोंडाशी 'सरकारी प्रौढशाले' असा कन्नड फलक आहे. तिथं आठवी ते दहावीची पोरं शिकतात. म्हणजे कन्नडात चौदाव्या वर्षीच प्रौढ, मराठीत चाळिशी गाठल्यावर! जाणकारांनी उलगडून सांगावं.

निपाणीकर : सर, मूळ संस्कृत अर्थ 'पूर्ण वाढलेला'. कन्नडानं तो 'प्राथमिकच्या वरची' या अर्थानं शाळेला लावला. मराठीत तो पोक्तपणाकडे झुकला. त्यात रात्रीचे प्रौढ शिक्षण वर्ग आले, त्यामुळं प्रौढ म्हटलं की कंदिलाशेजारी पाटी धरून बसलेली आज्जीच डोळ्यांपुढं येते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ मधला प्रौढ मात्र एवढाच, की ठरलेलं वय पूर्ण झालेला. ते वय आधी २१ होतं. ६१ व्या घटनादुरुस्तीनं २८ मार्च १९८९ पासून १८ झालं आणि त्याच वर्षीच्या लोकसभेला नव्या पोरांनी मत दिलं. वय तीन वर्षांनी खाली आलं, शब्द जागचा हलला नाही.

चिकोडीची सून : 'वयस्क' बद्दलही लिहा की कुणीतरी. कन्नडात वयस्क म्हणजे अठरा पूर्ण, आपल्यात वयस्क गृहस्थ म्हणजे साठीचे. मागं एका मराठी पत्रकात 'वयस्क मतदारांनी नोंदणी करावी' असं छापलेलं. सासरे चौऱ्याहत्तरचे. "माझं नाव काढलं काय गं यादीतनं?" म्हणून दोन दिवस घोर लावून बसले. भाषांतर करणाऱ्यानं एकदा मराठी माणसाला वाचून दाखवायला काय हरकत होती?

बेळगावकर : मला 'सज्ञान' बद्दल बोलायचंय. आजोबांच्या जुन्या खरेदीखतात त्यांच्या नावापुढं 'अज्ञान, पालनकर्ती आई' असं आहे. मोडीतून वाचून घेतलं तेव्हा वाईट वाटलं, मग कळलं की कायद्याच्या भाषेत अज्ञान म्हणजे निव्वळ कमी वयाचा. पण अर्थ कळला तरी शब्द टोचायचा राहत नाही. ऑस्ट्रियानं २००७ मध्ये मताचं वय १६ केलं, ब्राझीलमध्ये १९८८ पासून सोळाव्या वर्षी ऐच्छिक मत आहे. आपल्याकडं हा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं, "अज्ञान पोरांना मत?" तिथंच वाद संपतो, पोरांना काय कळतं हे कुणी तपासतच नाही. मी सोळाच्या बाजूचा आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर विरोध करावा, पण 'सोळा वर्षांचे' म्हणून करावा, 'अज्ञान' म्हणून नको.

निपाणीकर : पटलं. बोलताना 'अठरा पूर्ण' हेच सरळ. आणि सर, सतरा पूर्ण झाली की नमुना ६, म्हणजे मतदार यादीत नाव घालायचा अर्ज, आगाऊ भरता येतो. अठरा पूर्ण झाली का हे बघायला पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरत. आता एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची पहिली तारीखही धरतात.

खानापूरकर : तिला पुढच्या वर्षी सतरा पूर्ण होतील, तेव्हाच भरू. वहीत तिनं 'प्रौढ' खाली रेघ मारून शेजारी 'वय १८ पूर्ण' लिहिलंय.