द्राक्ष बागायतदार सासऱ्यांना नाशिकच्या वाइनरीत न्यावं का?

तासगावची_सून
फेब्रुवारीत दोन दिवस नाशिकला जातोय. सोबत सासरे, मी त्यांना मामा म्हणते. त्यांनी तीस वर्षं बाग केली, माल बेदाण्याला. दारूला शिवत नाहीत. नवऱ्याला वाइनरी बघायचीय, तर मामा म्हणतात, "द्राक्षं काय तिथं येगळी लागत्यात?" त्यांना कंटाळा येणार नाही असं सुचवा. शेतीतलं जुनं काही बघायला मिळालं तर फारच बरं.

गोदाकाठ
वेगळीच लागतात! मामांना टेस्टिंगच्या टेबलावर नाही, आधी बागेत न्या. मणी बारीक, साल जाड, आत बी. आपण थॉम्सन, सोनाका या बिनबियांच्या जातींचा मणी फुगवायला जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड, वाढीचं संजीवक) देतो. इथे मोठा मणी नकोच असतो, कारण रेड वाइनचा रंग सालीतून येतो. माल मुद्दाम कमी धरतात. आणि रंगासाठीच रेड वाइनचा रस सालींसकट आंबवतात आणि व्हाइटची द्राक्षं आधीच दाबून रस काढून घेतात. हे टाक्यांपाशी उभं राहून ऐकताना मामाच गाइडला प्रश्न विचारत सुटतील, बघा.

फेब्रुवारी उत्तम. तोडणी जानेवारी ते मार्च, तीही पहाटे, ऊन चढायच्या आत. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर गेलात तर नुसती पानं दिसतील.

गंगापूर धरणाजवळ सुला (१९९९ पासूनची) आणि जवळच यॉर्क. शनिवार-रविवारी जत्रा असते, मधला वार धरा. मला विचाराल तर इगतपुरीकडे कावनईचं वॅलोने निवांत. आणि मामा पिणार नाहीत हे बुकिंग करतानाच सांगा, नुसता फेरफटका मिळतो का विचारा.

नुसताच_वाचक
पिणाऱ्याने गाडी चालवायची नाही, एवढं ठरवून निघा. आणि हा बेत कुणी २६ जानेवारीच्या जोडसुट्टीत ढकलू नका, ड्राय डे असतो. आमची अख्खी गँग फाटकावरून द्राक्षांचा रस पिऊन परत आलेली आहे.

मोसमखोरे
जुनं विचारलंत म्हणून सांगतो. आनंदवल्लीला राघोबादादांची आठवण आहे, गंगापूरला गोपिकाबाईंची, दोन्ही वाटेवरच. पण ती पेशवाई झाली, शेती नव्हे. मामांना बागलाणात आणा, सटाण्याकडे. मोसम, गिरणेवर आणि पलीकडे साक्रीला पांझरेवर फड बागायत आहे, तीनेकशे वर्षांची. नदीत दगडी बंधारा, तिथून पाट, पाटाखालच्या रानाचे तीन-चार भाग, तेच फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक! या वर्षी इथे ऊस, तर पलीकडे हंगामी. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात, म्हणजे ना कुणाचा ऊस कायम ना कुणाचं रान कायम कोरडं. वर धरणं झाली, विहिरी वाढल्या, बरेच फड मोडले. तरी बंधारे बघण्यासारखे आहेत. एक दिवस वेगळा काढा, वाइनरीच्या दिवसात कोंबू नका.

तासगावची_सून
सगळ्यांचे आभार. मामांना वाचून दाखवलं. जीएशिवाय बाग यावर अजून विश्वास नाही, "बघूनच सांगतो" म्हणाले. फडाचं मात्र दोनदा वाचायला लावलं. मोसमखोरे, त्यांचा प्रश्न: पाण्याची पाळी मोडली तर भांडण सोडवायचं कुणी?

मोसमखोरे
पाणी पाटकरी देतो, पीक जागल्या राखतो, दोघांना ठेवतात शेतकरीच. भांडण पंचांपुढे. बाकीचं मामांना इथे आल्यावर बांधावर बसून सांगतो, भाकरी माझ्याकडे.