फौजदारी गुन्हा नसताना, केवळ सत्तेच्या गैरवापरासाठी अमेरिकी राष्ट्राध्यक्षावर महाभियोग चालतो का?

जिज्ञासू
अमेरिकी घटनेत महाभियोगाची कारणं तीनच: देशद्रोह, लाचखोरी आणि 'इतर गंभीर गुन्हे व गैरकृत्यं'. सत्तेच्या गैरवापराचा उल्लेख नाही. २०२० मध्ये ट्रम्प यांच्या वकिलांनी यावरच बोट ठेवलं होतं. तो युक्तिवाद कितपत टिकतो?

घटनावाचक
माझ्या मते टिकत नाही. १७८७ मध्ये घटना लिहिली गेली तेव्हा संघराज्याचा फौजदारी कायदाच नव्हता, मग त्यातल्या गुन्ह्यांची अट कशी असेल? घटना परिषदेत जॉर्ज मेसन या प्रतिनिधींनी आधी 'गैरकारभार' हे कारण सुचवलं होतं. दुसरे प्रतिनिधी मॅडिसन यांनी हरकत घेतली की इतक्या मोघम कारणामुळे अध्यक्ष सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, मर्जीवर राहील. मग आजची शब्दरचना आली. म्हणजे ढिसाळ कारभार वगळला गेला, पदाचा स्वार्थासाठी वापर नव्हे. शिवाय शिक्षा काय, तर पदच्युती आणि पुढे पद भूषवण्यास बंदी. तुरुंगवासासाठी वेगळा खटला भरावा लागतो.

कलम_दोन
सहमत, पण सगळी मदार आरोपाच्या मसुद्यावर असते. १९७४ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या, न्यायविषयक समितीने राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावरचे तीन आरोप मंजूर केले. त्यात सर्वाधिक मतं गैरवापराच्या आरोपाला पडली, २८ विरुद्ध १०. कारण त्यात कृत्यं नेमकी होती: आयकर खात्याकडून लोकांची गोपनीय माहिती मागवणं, विरोधकांमागे कर-तपासणी लावणं, बेकायदा फोन टॅपिंग. उलट १९९८ मध्ये क्लिंटन यांच्यावरचा गैरवापराचा आरोप मुख्यतः समितीच्या लेखी प्रश्नांना दिलेल्या खोट्या उत्तरांवर उभा होता. तो प्रतिनिधिगृहात १४८ विरुद्ध २८५ असा आपटला. खोटं बोलणं गंभीरच, पण त्यात पदाची ताकद कुणावर चालवली हे दिसत नव्हतं.

जिज्ञासू
मग २०१९ मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या आरोपात काय कमी पडलं? युक्रेनला द्यायची ३९ कोटी डॉलरची मदत रोखून राजकीय प्रतिस्पर्ध्याच्या चौकशीची मागणी, हे नेमकंच होतं की.

घटनावाचक
प्रतिनिधिगृहात साधं बहुमत पुरतं, तिथे २३० विरुद्ध १९७ ने आरोप मंजूर झाला. सिनेटमध्ये दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, म्हणजे शंभर हजर असतील तर ६७. मिळाली ४८. आणखी एक: मदत रोखणं निधीविषयक कायद्याचा भंग आहे, हा सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाचा निष्कर्ष जानेवारी २०२० मध्ये आला, आरोप मंजूर झाल्यानंतर. मसुद्यात तो स्वतंत्र मुद्दा नव्हता.

कलम_दोन
आणि कोर्टात दाद मागता येईल असं समजू नका. एका न्यायाधीशाच्या महाभियोगाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितलंय की खटला कसा चालवायचा हा सिनेटचा अधिकार आहे.