लॅपटॉपची एसएसडी (फाइली साठवायची ड्राइव्ह) कंपनीकडून भरून घ्यावी का आपण बसवावी?

चाटीगल्लीकर:
भाचीला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घ्यायचाय. दुकानदार म्हणालाय थेट १ टीबीवालाच न्या. माझं मत, ५१२ चा घ्यायचा आणि वरची एसएसडी आपण टाकायची. कारण खोक्यावर नुसतं "५१२ जीबी एनव्हीएमई" (वेगवान प्रकारची एसएसडी) एवढंच असतंय, आत चिप टीएलसी आहे का त्याहून स्वस्तातली क्यूएलसी, डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची वेगवान मेमरी) आहे का नाही, काही पत्ता नाही. आपण घेतली तर मॉडेल बघून घेतो, बऱ्याच चांगल्या ड्राइव्हला ५ वर्षांची वॉरंटी असते, लॅपटॉपला मात्र बहुतेक १ वर्षाचीच. आणि बसवायला काय, एक स्क्रू आहे बे.

होटगीरोडवाला:
एक स्क्रू म्हणणाऱ्यांनीच माझं वाटोळं केलं. मागच्या मे महिन्यात दुपारी पंखा बंद करून बसलो (स्क्रू उडतील म्हणून), खालचे आठ काढले तरी झाकण हलेना, मग जुनं एटीएम कार्ड घालून उचकटलं आणि कट्ट आवाज आला. दोन स्क्रू रबरी पट्टीखाली लपलेले होते हे नंतर कळलं. क्लिप गेली, आजही उजव्या कोपऱ्याला नख जाईल एवढी फट आहे. पुढची गंमत म्हणजे क्लोन केलेली (जुनीची हुबेहूब नक्कल उतरवलेली) ड्राइव्ह लावल्यावर स्क्रीन निळी आणि बिटलॉकरची (विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप) ४८ अंकी की, म्हणजे किल्ली, मागायला लागली. कंपनीची घेतली असती तर रात्री जेवून झोपलो असतो.

चाटीगल्लीकर:
की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर मिळती की. आणि क्लोन करायच्या आधी बिटलॉकर बंद करायचा असतो, ती चूक ड्राइव्हची नाही.

होटगीरोडवाला:
चूक कुणाची का असेना, कॉलेजच्या पोरीनं सबमिशनच्या आदल्या रात्री ४८ आकडे टाईप करत बसायचं का?

सातरस्ता_रिपेअरिंग:
दोघंबी अर्धं सांगालाव. आधी आत जागा किती आहे बघा. एम.२ च्या (पट्टीसारख्या) एसएसडीवर २२८० लिहिलंय म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. काही पातळ लॅपटॉपात २२४२ नाहीतर २२३० चीच जागा असते, गिऱ्हाईक ऑनलाइन २२८० मागवून येतंय आणि माझ्यासमोर तोंड पाडून बसतंय. काहीजण साटावाली (जुन्या, हळू पद्धतीची) एम.२ आणतात, ती नुसत्या एनव्हीएमई स्लॉटमध्ये चालत नाही. जेन ४ ची (नंतरच्या, जलद पिढीची) जेन ३ च्या स्लॉटला चालते, पण सेकंदाला ७००० एमबीचा स्पीड ३५०० वर येतो, जादाचे पैसे पाण्यात.

दुसरा स्लॉट रिकामा असेल तर मात्र डोळे झाकून नंतर टाका. कंपनीची विंडोजसकट आहे तशी राहू द्या, नवीवर फाइली. क्लोन नको, की नको. फक्त झाकण उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग बाकीचं.

अजून एक, यंत्रमागाच्या भागातून आलेला लॅपटॉप उघडला की फॅनच्या जाळीत कापसाचा थर बसलेला असतो, वाटीत काढावा एवढा. त्यामुळं उघडायचंच नाही म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

जुळेसोलापूर:
वॉरंटीचं काय? मदरबोर्ड गेला की सर्व्हिसवाले म्हणणार तुम्ही उघडलाय.

सातरस्ता_रिपेअरिंग:
डेल, एचपी, लेनोव्हो स्वतःच बऱ्याच मॉडेलची उघडायची मॅन्युअल साइटवर ठेवतात. तरी घ्यायच्या आधी त्या मॉडेलचं विचारून घ्या. उघडताना काही मोडलं तर ते तुमच्याच अंगावर.

जुळेसोलापूर:
आणि पैसे? एआयच्या डेटासेंटरांनी चिपा ओढल्यापासून सुट्या एसएसडीचे भाव चढलेत. मी मागच्या आठवड्यात १ टीबीवाला लॅपटॉप आणि ५१२ वाला अधिक सुटी एसएसडी, दोन्हीचं विचारलं, फरक जवळपास मिटलाय. मग कशाला खटाटोप?

चाटीगल्लीकर:
हे मात्र मी बघितलं नव्हतं. माझ्या डोक्यात जुनाच भाव होता. तरी ५१२ चाच घेतो, दुसरा स्लॉट असलेला, पहिलं वर्ष तिला ५१२ पुरतंय.

होटगीरोडवाला:
घ्या घ्या. सातरस्तावाले, ती कोपऱ्याची क्लिप मिळती का तेवढं सांगा.