लोहखनिजाचे समृद्ध साठे प्रस्तरभंगांच्या आसपासच का सापडतात?

प्रश्न : कातळशोध

पश्चिम ऑस्ट्रेलियातील हॅमर्सले प्रदेशाचे भूशास्त्रीय नकाशे अभ्यासताना एक गोष्ट मला उलगडलेली नाही. तेथील ब्रॉकमन हा पट्टेदार लोहपाषाण सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर थरांच्या रूपाने साचला आणि त्याचे थर शेकडो किलोमीटरपर्यंत जवळजवळ अखंड ओळखता येतात. या खडकात लोहाचे प्रमाण सर्वत्र साधारण ३० ते ३५ टक्के असते. असे असताना ६० टक्क्यांहून अधिक लोह असलेले माउंट टॉम प्राइस किंवा माउंट व्हेलबॅक यांसारखे साठे मोजक्याच ठिकाणी, आणि तेही मोठ्या प्रस्तरभंगांना, म्हणजे ज्या भेगांवर खडक सरकले आहेत त्यांना, लागून का आढळतात? प्रस्तरभंगातून खालून लोह वर आले, असे समजायचे का? तसे असेल तर मुळात थरांत साचलेल्या लोहाचे महत्त्व काय उरते?

प्रतिसाद १ : खोलखाण

आपल्या प्रश्नातील शेवटची शंका आधी दूर करतो. हॅमर्सलेच्या बाबतीत लोह बहुतांशी मूळ खडकातलेच आहे आणि प्रस्तरभंगाचे मुख्य काम लोह आणणे हे नसून सिलिका (वाळूतील मुख्य घटक) बाहेर नेणे हे आहे. पट्टेदार लोहपाषाणात लोहाच्या ऑक्साइडांचे आणि चर्टचे, म्हणजे सिलिकेचे, पातळ थर आलटून पालटून असतात. सिलिका विरघळून निघून गेली की उरलेल्या खडकात लोहाचे प्रमाण आपोआप वाढते. मात्र एवढी सिलिका विरघळवण्यासाठी प्रचंड प्रमाणात पाणी खडकातून वाहावे लागते, आणि घट्ट, बारीक कणांच्या या खडकातून ते सहजासहजी वाहत नाही.

टॉम प्राइस येथे हा मार्ग सदर्न बॅटर फॉल्ट या प्रस्तरभंगाने करून दिला, असे मानले जाते. ब्रॉकमन लोहपाषाणाच्या खाली माउंट मॅकरे शेल हा चिकणमातीयुक्त, पाणी अडवणारा थर आहे आणि त्याच्याही खाली विटेनूम हा डोलोमाइटयुक्त (चुनखडकासारखा, मॅग्नेशियम असलेला) खडक आहे. शेलचा थर अखंड राहिला असता, तर डोलोमाइटमधील उष्ण, क्षारयुक्त पाणी लोहपाषाणापर्यंत पोहोचलेच नसते. प्रस्तरभंगाने तो थर भेदला. या पाण्याने चर्टमधील सिलिका काढून घेतली आणि तिच्या जागी कार्बोनेट खनिजे सोडली. त्यानंतर वरून खोलवर उतरलेल्या पाण्यामुळे मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडाचे ऑक्सिडीभवन होऊन हेमॅटाइट हे अधिक ऑक्सिजन असलेले ऑक्साइड तयार झाले आणि अखेरच्या टप्प्यात, पृष्ठभागाजवळच्या अपक्षयात, म्हणजे हवा-पाण्याने खडक कुजण्यात, ती कार्बोनेटेही धुऊन गेली. टॉम प्राइसच्या नॉर्थ डिपॉझिट भागात अपक्षयाच्या पातळीखाली घेतलेल्या खोल वेधनांत (छिद्रे पाडून काढलेल्या नमुन्यांत) कार्बोनेटयुक्त, सिलिका निघून गेलेला खडक प्रत्यक्ष मिळाला, आणि माझ्या मते या मांडणीच्या बाजूचा तोच सर्वांत ठोस पुरावा आहे.

हे सर्वमान्य आहे असे मात्र समजू नये. पृष्ठभागावरून झिरपणाऱ्या पाण्यानेच बहुतेक काम केले, असे मानणारी जुनी विचारधारा अजून पूर्णपणे मागे पडलेली नाही. साठ्यांच्या वयाचाही वाद आहे. पूर्वी ते २०० कोटी वर्षांहून जुने समजले जात, तर २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हेमॅटाइटमधील युरेनियम आणि शिसे यांवरून थेट काढलेले वय १४० ते ११० कोटी वर्षे आले.

प्रतिसाद २ : डिचोलीकर

वरील विवेचन उत्तम आहे, पण ते वाचून कोणी गोव्याच्या नकाशावर प्रत्येक खाणीशेजारी प्रस्तरभंग शोधू लागू नये, म्हणून थोडी भर घालतो. गोव्यातील लोहखनिजाचा पट्टा वायव्येकडून आग्नेयेकडे डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतून जातो. तेथेही मूळ खडक पट्टेदार लोहपाषाणच आहे, परंतु त्याची समृद्धी प्रामुख्याने उष्ण, दमट हवामानातील दीर्घ अपक्षयाने झाली आहे. म्हणूनच वर जांभ्याचे कवच, त्याखाली ढेकळांच्या स्वरूपातील खनिज आणि आणखी खाली भुकटीसारखे खनिज असा क्रम खाणींत दिसतो. साठे टिकून राहिले ते मुख्यतः अभिनतींत, म्हणजे खाली वळलेल्या वलींच्या (खडकथरांच्या घड्यांच्या) द्रोणांत, कारण तेथे पाणी एकवटले आणि झीजही कमी झाली.

खडकाला तडे असतील तेथे पाणी अधिक खोल जाणार, हे ओघाने आलेच. परंतु गोव्यात भंगांना दुय्यम स्थान आणि वली व हवामान यांना पहिले स्थान द्यावे लागते.

प्रतिसाद ३ : कातळशोध

दोघांचेही आभार. यातून एक उपप्रश्न निर्माण होतो. प्रस्तरभंगाने खरोखरच लोह दुसरीकडून आणले, असे एखादे उदाहरण आहे का? आणि प्रस्तरभंग साठ्याजवळ असूनही त्याचा खनिजनिर्मितीशी काहीच संबंध नाही, असेही घडते का?

प्रतिसाद ४ : खोलखाण

दोन्ही घडते. पहिल्यासाठी इंग्लंडमधील पश्चिम कंब्रियाचा विचार करावा. एग्रेमंट आणि क्लीटर मूर परिसरातील हेमॅटाइट कार्बोनिफेरस काळातील (सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या) चुनखडकात आहे, आणि चुनखडकात असे लोह मुळात नसते. ते क्षारयुक्त पाण्यातून बाहेरून आले, वायव्य-आग्नेय दिशेच्या प्रस्तरभंगांवाटे चुनखडकात शिरले आणि चुनखडक विरघळत गेला तसतसे त्याच्या जागी हेमॅटाइट बसत गेले. त्यामुळे तेथील कित्येक खनिजपिंड भंगाला चिकटून असतात आणि भंगापासून दूर जाताना पातळ होत संपतात. येथे प्रस्तरभंगच वाहक आहे. हॅमर्सलेत तो अधिक करून निचऱ्याची वाट आहे.

दुसऱ्याचे उदाहरण फ्रान्समधील लॉरेन. तेथील मिनेट नावाचे, सुमारे ३० टक्के लोहाचे खनिज जुरासिक काळात थरांच्या रूपाने साचले. नंतरच्या प्रस्तरभंगांनी हे थर केवळ वरखाली सरकवले. खाणकामगाराच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे होते, कारण थर एकाएकी भिंतीशी संपायचा आणि त्याचा पुढचा भाग वर शोधावा की खाली, हे ठरवावे लागायचे. पण लोह तेथे येण्याशी त्यांचा संबंध नाही. खुद्द पिलबरातही, म्हणजे हॅमर्सले ज्यात येतो त्या प्रदेशातही, यांडी परिसरातील साठे प्राचीन नदीपात्रांत साचलेले आहेत आणि त्यांचा माग नदीच्या वळणांनुसार घ्यावा लागतो.

प्रस्तरभंगाची आणखी एक भूमिका सहज नजरेतून सुटते, ती म्हणजे साठा जपण्याची. भंगाची एक बाजू खाली सरकली की त्या बाजूचा खडक झिजेपासून वाचतो, उलट वर उचललेल्या बाजूवरील खनिज कोट्यवधी वर्षांत धुऊन जाते. म्हणून आज साठा भंगाच्या एकाच बाजूला दिसत असेल, तर तो त्याच बाजूला तयार झाला की फक्त त्या बाजूला उरला, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. नुसता नकाशा पाहून तो सुटत नाही. भंगालगतच्या पट्टेदार लोहपाषाणात सिलिका कमी होत गेल्याची आणि कार्बोनेट वाढत गेल्याची चिन्हे खोल वेधनांत मिळाली, तरच त्या भंगातून खनिज घडवणारे पाणी वाहिले असे म्हणण्यास आधार मिळतो. अशी चिन्हे नसतील आणि खनिजाचे पट्टे भंगाशी येऊन एकदम तुटलेले दिसत असतील, तर तो भंग खनिजानंतरचा असण्याची शक्यता अधिक असते.